बोरन्हाणाच्या फोटोंना फुल फ्रेम लागत नाही

डिसेंबर संपत आला होता. नणंदेने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "वहिनी, हे एकदा बघ ना. आम्ही ईएमआयवर घ्यायचं जवळजवळ ठरवलंय." तिचा मुलगा तेव्हा अकरा महिन्यांचा होता आणि जानेवारीत त्याचं बोरन्हाण होतं. हाच मेसेज त्याआधी मला आणखी दोघींकडून आला होता. त्यात लिहिलेलं थोडक्यात असं: मुलांसाठी पहिला कॅमेरा घेताय तर फुल फ्रेमच, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेराच घ्या, बाकी सगळं पैसे वाया. मेगापिक्सेल जितके जास्त तितकं चांगलं. सोबत मिळणारी किट लेन्स भंगार असते, ती काढून टाका आणि ५० मिमीची लेन्स लावा, घरात सगळं त्यावर भागतं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ४००च्या वर कधीही नेऊ नका. ऑटोला हात लावू नका, पहिल्या दिवसापासून मॅन्युअल. लहान मुलांवर फ्लॅश अजिबात नको, डोळे जातात. आणि एवढं बजेट नसेल तर कॅमेऱ्याच्या नादी लागू नका, फोन पुरेसा आहे.

लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. यातल्या काही गोष्टी डोंगराचे, देवळाचे, पाटावर मांडलेल्या फराळाचे फोटो काढणाऱ्याला लागूही पडतील. पण रांगणारं, धावणारं मूल समोर असलं की हा सल्ला जवळजवळ पूर्ण उलटा पडतो. तो मानून लोक लाख-सव्वालाख घालवतात आणि तरी हललेले फोटो घेऊन बसतात, म्हणून एकेक मुद्दा नीट सोडवून लिहिते आहे.

आधी बोरन्हाणाचं सांगते, कारण कॅमेऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये दोन एलईडी ट्यूब. पाटावर बाळ, अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार. आजी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा आणि आताशा गोळ्या-चॉकलेटं कालवलेलं भांडं त्याच्या डोक्यावरून ओतते आणि शेजारची आठ-दहा पोरं ते लुटायला तुटून पडतात. सगळं मिळून वीस-तीस सेकंद. "आजी, परत एकदा ओता" म्हणायची सोय नाही.

माझ्या लेकीच्या बोरन्हाणाचे माझ्याकडे १४० फोटो आहेत आणि त्यातले सहा धड आहेत. तेव्हा मलाही कोणीतरी हाच आयएसओ ४००चा मंत्र दिला होता. किट लेन्स होती, एफ ५.६ (हा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून प्रकाश जास्त). त्या फोटोंची माहिती आजही उघडून बघता येते: शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, १/१५ सेकंद. आता हिशोब करा. फूटभर वरून सोडलेलं बोर डोक्यापर्यंत येताना सेकंदाला साधारण अडीच मीटर वेगाने येतं. १/१५ सेकंदात ते १६ सेंटीमीटर सरकतं. म्हणजे फोटोत बोर नाहीच, जवळजवळ वीतभर लांबीची तपकिरी रेघ आहे. लेकीने त्याच क्षणी मान वर केली होती, त्यामुळे चेहऱ्याच्या जागीही नुसता फराटा. शटर १/२५० असतं तर तेच बोर जेमतेम एक सेंटीमीटर सरकलं असतं आणि बोरासारखं दिसलं असतं. माझा त्या दिवशीचा कॅमेरा वाईट नव्हता. फोटो गेले ते शटर उशिरा बंद झाल्यामुळे.

म्हणून आयएसओचा मुद्दा मी सगळ्यात आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, हे खरं आहे. पण दाणे आलेला फोटो हा फोटो असतो. मोबाइलवर बघताना ते दिसत नाहीत, ४ बाय ६च्या प्रिंटवर फारसे जाणवत नाहीत, आणि आता दाणे पुसून काढणारी सॉफ्टवेअरंही चांगली झाली आहेत. हललेला चेहरा मात्र कुठलंही सॉफ्टवेअर खरेपणाने परत आणत नाही. त्याच हॉलमध्ये, त्याच किट लेन्सवर १/२५० शटर हवं असेल तर आयएसओ ६४००च्या आसपास न्यावा लागतो. गेल्या काही वर्षांतले साधे कॅमेरेसुद्धा तो बऱ्यापैकी झेपवतात. न्यावा. बिनधास्त न्यावा.

इथे एक गैरसमज बाजूला करते. "माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, मग काय प्रश्न?" असं बरेच जण विचारतात. कॅननचं आयएस, निकॉनचं व्हीआर, सोनीचं ओएसएस, ही सगळी तुमच्या हाताचं थरथरणं सावरतात. समोरचं मूल हलायचं ते हलतंच. १/१५ सेकंदात मागची भिंत काचेसारखी स्वच्छ येते आणि पोर भुतासारखं.

आता फुल फ्रेम. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी असतो. साध्या, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात तो सुमारे २३.५ बाय १५.६ असतो, कॅननमध्ये किंचित लहान. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम साधारण २.३ पट मोठा भरतो. तो फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे ओतल्यावर लोकांकडे लेन्ससाठी काही उरत नाही, आणि त्या महागड्या बॉडीवर ते जाऊन-येऊन एफ ४.५-६.३ची स्वस्त झूम लावतात. उलट क्रॉप कॅमेऱ्यावर एफ १.८ची साधी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स लावा. एफ ५.६च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. एका बाजूला सव्वादोन पट, दुसऱ्या बाजूला दहापट, आणि ही दहापटवाली लेन्स बहुतेक वेळा फुल फ्रेम बॉडीच्या किमतीच्या एका कोपऱ्यात बसते. आमच्याच हॉलचं उदाहरण घ्या: १/२५० शटरला किट लेन्सवर लागणारा ६४०० आयएसओ एफ १.८ला ६५०वर उतरतो. फुल फ्रेमवर किट झूम लावून काढलेला ६४००चा फोटो क्रॉपच्या साधारण २७००च्या फोटोइतका स्वच्छ येईल. म्हणजे निम्म्याहून कमी खर्चाची जोडी इथे सरळ जिंकते.

पैसे भरपूर असतील तर फुल फ्रेम आणि त्यावर भारी लेन्स, दोन्ही घ्या, माझी हरकत नाही. फक्त ७०-२०० एफ २.८ सारखी लेन्स एकदा दुकानात हातात धरून बघा. तिचं वजन किलोच्या वर, काहींचं दीड किलोपर्यंत. एका कडेवर मूल, खांद्यावर डायपरची बॅग आणि हातात ती लेन्स घेऊन आठवड्याभराने कोण बागेत जातं ते मी पाहिलं आहे. कोणीच जात नाही.

मग लेन्स कोणती? मेसेज म्हणतो ५० मिमी; हा आकडा जितका मोठा तितकं चौकटीत कमी मावतं. ती स्वस्त मिळते, मागचं छान धूसर करते, आणि म्हणूनच सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. पण आपली घरं बघा. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लावून दहा फुटांवर उभं राहिलात तर चौकटीत रुंदीला फक्त पावणेपाच फूट मावतं. वन-बीएचकेच्या बेडरूममध्ये दहा फूट मागे जायचं म्हणजे पाठ कपाटाला लागते. बाळ, आई आणि आजी एकत्र आल्या की एकीचा खांदा कापला जातो. तेच ३५ मिमीला पावणेसात फूट मावतं आणि २४ला जवळजवळ दहा फूट. म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी २४ ते ३५च्या दरम्यान बघावं. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरना, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांना, डीएक्स ३५ मिमी एफ १.८जी ही २००९ पासूनची लेन्स आहे, सेकंडहँड बाजारात सहज मिळते. निकॉनच्या झेड या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या मालिकेसाठी २०२३ मध्ये डीएक्स २४ मिमी एफ १.७ आली. सोनीला स्वतःची ३५ मिमी एफ १.८ आहे. सिग्माची ३० मिमी एफ १.४ सोनीवर बसते आणि आता कॅननच्या मिररलेसवर (आरएफ माउंट) बसणारीही मिळते. ५० मिमी वाईट नाही. ती बाल्कनीत, बागेत, एकट्या मुलाच्या चेहऱ्यासाठी सुंदर आहे. पण घरातली पहिली लेन्स ती नव्हे.

सेकंडहँड घेताना एक सांभाळा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. दुकानदार स्वस्तात जुनी ५० मिमी एफ १.८डी पुढे करेल, ती बसेलही, पण तिचा ऑटोफोकस चालणार नाही. धावणाऱ्या पोरावर हाताने फोकस लावत बसणं नवख्याला जमत नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस आहे का ते बघून घ्या. माझ्या एका मैत्रिणीला अशीच लेन्स "एकदम चालू" म्हणून विकली गेली आणि परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही.

एफ १.८ची लेन्स मिळाली की दुसरी चूक होते: ती सदान्‌कदा एफ १.८वरच ठेवायची. ५० मिमी लेन्सने दीड मीटरवरून एफ १.८ला काढलेल्या फोटोत जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. बाळाने मान जरा फिरवली की एक डोळा स्पष्ट, एक धूसर. दोन भावंडं मागे-पुढे बसली असतील तर एकाचा चेहरा गेलाच. ३५ मिमीला तोच पट्टा दुप्पट होतो. दोन मुलं असतील तर एफ २.८ किंवा ४वर जा आणि आयएसओ वाढू द्या.

किट लेन्स भंगार नाही. भर उन्हात, बागेत, एफ ५.६ आणि आयएसओ १००वर शटर आपोआप १/८०० पर्यंत जातं. झोपाळ्यावरचं मूल त्यात आरामात थांबतं, आणि १८ मिमीवर आख्खं कुटुंब मावतं. ती ठेवा. विकून तसेही फारसे पैसे येत नाहीत.

मेगापिक्सेलवर वेळ घालवायला नको. ४ बाय ६च्या प्रिंटला २२ लाख पिक्सेल पुरतात. ए३ आकाराची फ्रेम, अगदी ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी छापली तरी, साडेसतरा मेगापिक्सेलमध्ये (एक म्हणजे दहा लाख पिक्सेल) होते. आजचा सगळ्यात साधा कॅमेरा २०-२४ देतो. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो तर दाबून लहान केलेलाच असतो.

ज्या गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत ती मेसेजमध्ये कुठेच नाही: फोकस. जुन्या साध्या डीएसएलआरमध्ये, उदाहरणार्थ कॅननच्या १५००डीमध्ये, व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून बघताना फोकसचे नऊ बिंदू असतात आणि तेही बहुतेक चौकटीच्या मध्यभागी. मूल कडेला पळालं की कॅमेरा मागच्या सोफ्यावर फोकस लावतो. सोफा अप्रतिम येतो. २०१३ मध्ये कॅननने ७०डीमध्ये ड्युअल पिक्सेल फोकस आणला आणि स्क्रीनवर बघून काढतानाही फोकस झटपट लागायला लागला. २०१९च्या सोनी ए६४००मध्ये माणसाचा डोळा शोधून त्याच्यामागे धावणारा फोकस आहे. आता कॅनन आर५०, निकॉन झेड५० यांसारख्या सुरुवातीच्या मिररलेसमध्येही डोळा पकडणारा फोकस आहे. बाळ रांगत तुमच्याकडे येतंय आणि हिरवा किंवा पांढरा चौकोन त्याच्या डोळ्याला चिकटून येतोय, हे एकदा बघा. सेकंडहँड घेतानाही डोळा पकडणारा फोकस आहे ना, हे आधी विचारा, मग बाकीचं. फक्त फोकस सतत चालू राहणाऱ्या प्रकारावर ठेवा. कॅननमध्ये त्याला सर्व्हो म्हणतात, निकॉन-सोनीत एएफ-सी.

मॅन्युअलचा आग्रह मला समजतो. शिकवणाऱ्यांनी तसं शिकवलेलं असतं. पण मूल खिडकीपासून स्वयंपाकघरात धावलं तर तीन सेकंदांत प्रकाश आठ-दहा पटीने बदलतो. तीन चकत्या फिरवेपर्यंत ते आजीच्या पदराआड गेलेलं असतं. शटर प्रायोरिटी लावा, कॅननच्या डायलवर ती 'टीव्ही' नावाने असते, इतरांच्या 'एस'. १/२५० ठरवा, पळापळ असेल तर १/५००, आणि आयएसओ ऑटोवर. बाकीचं कॅमेऱ्यावर सोडा. फक्त काळं झबलं असेल तेव्हा लक्ष ठेवा: चौकटीत काळा रंग जास्त आला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो फोटो गरजेपेक्षा उजळ करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे ०.७ केलं की हलव्याचे दागिने पांढरे फटक होत नाहीत.

जाता जाता एलईडीबद्दल. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण १/२५०वर फोटोत काळपट आडवे पट्टे येऊ शकतात, आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर तर हमखास. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटर वापरा आणि मेन्यूत अँटी-फ्लिकर शोधा. तेही नसेल तर १/१००वर या आणि मूल क्षणभर थांबेल ती वेळ साधा.

फ्लॅशने डोळे जातात, ही भीती मनापासूनची असते. पण साध्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने निरोगी बाळाच्या डोळ्यांना इजा होते असं दिसून आलेलं नाही. अर्थात नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तोंडावर सरळ फ्लॅश मारू नये, ते दचकतं, आणि फोटोही चपटा येतो. फ्लॅश छताकडे वळवा. पांढरं छत असलेल्या खोलीत प्रकाश मऊ होऊन सगळीकडे पसरतो, आणि फ्लॅशची चमक इतकी अल्पकाळ असते की हवेतलं बोर हवेतच थांबतं. त्यासाठी वेगळा, डोकं वळणारा फ्लॅश लागतो, कॅमेऱ्यातला छोटा चालत नाही. बोरन्हाणासाठी मी आता हाच वापरते.

याच संदर्भात एक गोष्ट प्रत्येक आई-बापाला माहीत असावी. फ्लॅशच्या फोटोत डोळ्याची बाहुली लाल येणं सामान्य आहे. पण एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी किंवा पिवळट चमक वेगवेगळ्या फोटोंत परत परत दिसली, तर बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. कधी कधी कॅमेऱ्याच्या कोनामुळेही तसं होतं, घाबरून जायचं कारण नाही. पण मोतीबिंदू, किंवा मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना होणारा रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्याचा कर्करोग, कधी कधी असाच, घरच्या फोटोत पहिल्यांदा लक्षात येतो, आणि लवकर कळला तर त्यावर चांगले उपचार आहेत. फ्लॅशपासून मुलांना लांब ठेवा म्हणणाऱ्या मेसेजमध्ये हे असायला हवं होतं.

राहिला फोन. उन्हात, बागेत, शाळेच्या फाटकाशी फोन उत्तम आहे आणि तो नेहमी खिशात असतो, ही त्याची फार मोठी बाजू. पण संध्याकाळच्या हॉलमध्ये तो एकाच फोटोसाठी पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन जोडतो. थांबलेल्या माणसाचा फोटो त्यामुळे सुंदर येतो. हलणाऱ्या मुलाच्या एका हाताचे जोडाजोडीत दोन होतात आणि पाच बोटांची आठ. चांगल्या फोनचा सेन्सरही क्रॉप कॅमेऱ्याच्या साधारण पाचव्या हिश्शाचाच असतो. म्हणजे बजेट कमी असेल तर "फोन पुरेसा" हे उत्तर नाही. पाच-सहा वर्षं जुनी मिररलेस बॉडी आणि एक एफ १.८ लेन्स, हे आहे.

नणंदेने शेवटी तेच केलं. सेकंडहँड क्रॉप बॉडी, तिच्याबरोबर आलेली किट लेन्स, आणि वेगळी घेतलेली एक ३० मिमीची. घेताना आम्ही लेन्स उन्हाकडे धरून, मागून मोबाइलची टॉर्च मारून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का ते पाहिलं. मुंबई-कोकणच्या हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास लागते, आणि पहिली लेन्स आम्ही त्यासाठीच परत केली.

बोरन्हाणाला तिने १/२५०वर ९० फोटो काढले. तीसेक चांगले आले. एकात एक बोर बाळाच्या उजव्या कानाशेजारी हवेत थांबलंय, त्याची देठाकडची खळगीसुद्धा दिसते, आणि बाळ त्याच्याकडे डोळे तिरके करून बघतंय. मागे आजीचा हात थोडा हललाय. तो हलू दे.

कॅमेरा ती आता कपाटात ठेवत नाही. दाराशेजारच्या उंच खुंटीवर तो लटकलेला असतो, ३० मिमी लावलेली, बॅटरी भरलेली, डायल 'एस'वर. जूनपासून मात्र तो घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात जाईल, सोबत सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या पुड्या, आणि डबा फ्रिजच्या बाजूच्या खालच्या फळीवर, हाताशीच.